दिवसाआड

४ मार्च

मामाआजोबा,
सा. न. वि. वि.

आई म्हणाली की पत्राची सुरुवात अशी करायची असते. या अक्षरांचा अर्थ विचारला तर म्हणाली, "अर्थ नको विचारू, नुसतं घाल." म्हणून घातलं.

मी तुमच्या भाचीची मुलगी. तुम्ही मला शेवटचं बघितलं तेव्हा मी पाच वर्षांची होते. तुमच्या क्लबच्या हिरवळीवर मी चपला घालून पळत गेले होते, आणि तुम्ही मला काखोटीला मारून बाहेर नेऊन ठेवलं होतं. आता मी फिजिओथेरपिस्ट आहे.

आमचं सेंटर छोटं आहे. कोणाला झटका आलेला असतो, कोणाचं हाड मोडलेलं असतं, त्यांना आम्ही परत चालायला शिकवतो. मागच्या बाजूला चाळीस पावलं लांब आणि पंचवीस रुंद असं एक लॉन आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं ते शोभेसाठी आहे. ॲक्च्युअली ते आमचं सगळ्यात महत्त्वाचं मशीन आहे. कारण चालायला शिकण्याआधी माणसाला पडायला शिकावं लागतं, आणि फरशीवर पडायला कोणी तयार होत नाही. गवतावर होतात. अनवाणी.

प्रॉब्लेम असा की या लॉनला टक्कल पडायला लागलंय. सांभाळणारे माळीबुवा रिटायर होऊन मुलीकडे राहायला गेले. आमच्या हेड, म्हणजे मॅडम, त्यांनी परवा मीटिंगमध्ये प्लास्टिकच्या गवताचा तुकडा आणला. पाणी नको, कापणं नको, बारा महिने हिरवं. सगळे माना डोलवत होते. मी तो तुकडा उचलून खिडकीत उन्हात ठेवला आणि पंधरा मिनिटांनी मॅडमना म्हटलं, हात लावून बघा. त्यांनी लावला आणि लगेच काढला. तेवढ्यावर गप्प बसायचं ना? पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मला एक वर्ष द्या, मी खरं गवत आणून दाखवते."

मॅडम म्हणाल्या, "दिलं. पुढच्या मार्चपर्यंत. नाही जमलं तर रोल अंथरायचा."

मी आजवर फक्त एक कॅक्टस वाढवलाय, आणि तोही मेला.

आई म्हणाली, मामाला लिही, त्याने तीस वर्षं क्लबची हिरवळ सांभाळली. फोन करू का म्हटलं तर म्हणाली, फोनवर त्याला ऐकू येत नाही, आणि आलं तरी तो कोणाचं ऐकत नाही. म्हणून हे पत्र. प्लीज उत्तर द्या.

तुमची,
भिंगरी
(घरात सगळे हेच म्हणतात. एका जागी बसत नाही म्हणून.)


११ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

त्या अक्षरांचा अर्थ, साष्टांग नमस्कार विनंती विशेष. म्हणजे आधी पाया पडायचं आणि मग काहीतरी मागायचं. तू तेच केलंस, तेव्हा बरोबर लिहिलंस.

चपला मलाही आठवतात. लाल होत्या, पितळी बकलाच्या.

आता ऐक. काहीही विकत आणू नकोस. शिकाऊ माणूस आधी दुकानात जातो आणि मग जमिनीकडे बघतो. एक लांब स्क्रू ड्रायव्हर घे आणि जमिनीत खुपस. मुठीपर्यंत गेला तर ठीक. अर्ध्यावर अडला तर तुझ्या पेशंटांनी जमीन तुडवून घट्ट केलीय. मग एका फळीला लांब खिळे ठोकून घे आणि त्या फळीवर उभी राहून सगळ्या लॉनभर भोकं पाड. मुळांना श्वास लागतो.

गवत जमिनीवर सरपटत, सांध्यासांध्याला मुळं सोडत जात असेल तर ती हरळी. तिला ऊन आवडतं. सावलीत ती रुसते. दोन बोटं उंच ठेव. बोटं आडवी धरायची, उभी नव्हे. तुम्हा मुलांचं काही सांगता येत नाही म्हणून लिहिलं. एका वेळी उंचीचा तिसरा हिस्साच काप, जास्त नाही. कापल्यावर पात्यांची टोकं पांढरी, फाटलेली दिसली तर मशीनच्या पात्याला धार नाही असं समज.

पाणी दिवसाआड. भरपूर.

मी अजून रोज सकाळी माझ्या अंगणातल्या हिरवळीवर अनवाणी दहा चकरा मारतो. पायाला कळतं ते डोळ्याला कळत नाही. तूही मार.

मामाआजोबा


२ एप्रिल

मामाआजोबा, सा. न. वि. वि. (आता अर्थ कळून लिहितेय.)

स्क्रू ड्रायव्हर अर्ध्यावर अडला. खिळ्यांची फळी केली. बोटं आडवी धरली. धार लावली. तुमच्या शब्दाबाहेर मी एक पाऊल टाकलेलं नाही, हे आधी सांगते, कारण आता जे सांगणार आहे ते चांगलं नाहीये.

"पाणी दिवसाआड" हे मला पहिल्यांदा कळलंच नव्हतं. आई नेमकी बाहेरगावी होती. मग मी डिक्शनरी काढली. आड म्हणजे विहीर. मग एकदम लख्ख समजलं. पाणी द्यायचं दिवसा, आणि तेही आडाचं. आमच्याकडे आड नाही, नळ आहे. पण मागच्या भिंतीपलीकडे एका सुतारकाकांचं वर्कशॉप आहे आणि त्यांच्या आवारात जुना आड आहे. मी गेले आणि म्हटलं, "काका, मला तुमच्या आडाचं पाणी पाहिजे. आजोबांनी सांगितलंय." त्यांनी रंधा थांबवला. म्हणाले, "आजोबा वैद्य आहेत का?" मी म्हटलं, तसंच काहीसं.

भिंतीवरून पाइप घेतला. रोज दुपारी बाराला, भर उन्हात, एक तास. दोन आठवड्यांत एक दिवस चुकवला नाही.

आता लॉनवर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्यात. पिवळे गोल डाग पडलेत. एक झुपका ओढून बघितला तर सहज हातात आला, मुळं जेमतेम नखाएवढी. आणि काल ड्रायव्हरकाका चिखलात रुतले. हे आमचे पेशंट. चाळीस वर्षं बस चालवली, आता डावा पाय त्यांचं ऐकत नाही. दोघांनी धरून बाहेर काढलं तेव्हा म्हणाले, "पोरी, भाताची रोपं कधी लावायची ते सांग, मी सुट्टी टाकून येतो."

माझं कुठे चुकतंय?

भिंगरी


९ एप्रिल

चि. भिंगरीस.

तुझं पत्र वाचताना मी इतका हसलो की सूनबाई पाणी घेऊन धावत आली. तिला वाटलं ठसका लागला.

आड म्हणजे विहीर, हे खरं. आड म्हणजे मागे, हेही खरं. पडद्याआड, दाराआड. पण दिवसाआड म्हणजे एक दिवस गाळून. सोमवारी दिलं की बुधवारी. बास, इतकंच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी एक म्हण आहे. ती तुझ्या मराठीला लागू पडते.

थोडी चूक माझीही. पहाटे द्यायचं, हे लिहायचं राहिलं. दुपारचं पाणी ऊनच पिऊन टाकतं आणि संध्याकाळचं रात्रभर पात्यांवर बसून बुरशी धरतं.

रोज का द्यायचं नाही ते नीट समजून घे, कारण सगळी विद्या यातच आहे. रोज वरच्या वर पाणी मिळालं की मूळ आळशी होतं. वरच बसून राहतं. ज्याला अंथरुणात चहा मिळतो तो उठेल कशाला? एक दिवस उपाशी ठेव. मग ते पाणी शोधत खाली जाईल, आणि खाली गेलेलं मूळ उन्हाला भीत नाही.

आता आठ दिवस पाणी पूर्ण बंद. छत्र्या आपोआप जातील. मग रिकामा पत्र्याचा डबा लॉनच्या मधोमध ठेवून पाणी सुरू कर. अर्धं बोट भरला की बंद. तो डबा फेकू नकोस. आणि हिरवळीवर पाऊल टाकल्यावर पावलाचा ठसा तसाच राहिला, गवत उठून उभं राहिलं नाही, तर ते तहानलंय असं समज. एरवी त्याला त्याचं त्याचं जगू दे.

सुताराचा पाइप मात्र काढू नकोस. पाण्याची सोय आणि शेजारी, दोन्ही मिळाले.

मामाआजोबा


२२ जून

मामाआजोबा, सा. न. वि. वि.

उशीर झाला, पण मुद्दामच थांबले. चांगलं काही लिहिण्यासारखं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

तर, झालंय. टकलावर हरळीचे धागे दोन्ही बाजूंनी आले आणि मधोमध भेटले. काल मी झुपका ओढला तर निघाला नाही. मीच घसरून बसले. सुतारकाका भिंतीवरून बघत होते, म्हणाले, "वैद्यांचं औषध लागू पडलं की."

ड्रायव्हरकाका या महिन्यात तीनदा पडले. पहिल्यांदा त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. तिसऱ्यांदा ते पडल्या जागी पाय पसरून बसले आणि म्हणाले, "आलोच आहे तर जरा टेकतो." आमचा नियम आहे, पडलेल्या माणसाला लगेच उचलायचं नाही. बाजूला उभं राहायचं आणि त्याला वेळ द्यायचा. आपण उचललं की त्याला वाटतं, आपल्याला उठता येत नाही.

पाऊस सुरू झाल्यापासून पाणी बंदच आहे. पण गवतात दुसरंच काहीतरी वर येतंय, चकचकीत, आपल्या गवतापेक्षा भराभर वाढणारं. सुतारकाका म्हणतात लव्हाळा. याचं काय करू? आणि तुमच्याकडे येतो का लव्हाळा? तुमची हिरवळ आता किती बोटं आहे? तुमच्या दहा चकरा म्हणजे साधारण किती पावलं? माझ्या कामाची सवय, मला सगळं मोजायचं असतं.

भिंगरी


५ जुलै

चि. भिंगरीस.

लव्हाळ्याची काडी बोटात फिरवून बघ. तीन धारा लागतील. गवताची काडी गोल असते, याची त्रिकोणी. नुसता उपटू नकोस, वरचं तुटतं आणि खालची गाठ हसत राहते. पावसाने जमीन मऊ आहे तोवर खुरप्याने गाठीसकट काढ. रोज थोडा. आणि मोठ्या पावसात खत घालू नकोस, सगळं गटारात जाईल. उघडीप मिळाली की थोडं घाल.

माझी हिरवळ उत्तम आहे. खिडकीतून बघितली तर गालिचा. पावलं मोजायला मी काय घोडा आहे?

मामाआजोबा


(त्याच पाकिटात, वेगळ्या कागदावर)

भिंगरी,

मी तुझी मामी, यांची सून. मामंजींना न सांगता ही चिठ्ठी टाकतेय.

नोव्हेंबरात ते बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड छान जुळलंय. डॉक्टर म्हणतात, आता चालायला हवं. पण ते खोलीतून मोरीपर्यंत जातात आणि परत येतात, तेही भिंत धरून. आठ महिने उंबरा ओलांडलेला नाही. चहासुद्धा मी अंथरुणात देते. अंगणात गवत गुडघाभर वाढलंय. आम्ही कापतो म्हटलं तर मशीनला हात लावू देत नाहीत. चकरा वगैरे काही नाही गं.

तुझं पत्र आलं की मात्र दोन दिवस खुशीत असतात. तुझं ते आडाचं पाणी त्यांनी शेजाऱ्यांनाही वाचून दाखवलं.

तुझं हेच काम आहे म्हणून लिहिलं. मी लिहिलंय हे कळू देऊ नकोस.

मामी


१८ जुलै

मामाआजोबा, सा. न. वि. वि.

लव्हाळा काढतेय. आतापर्यंत दोन बादल्या गाठी निघाल्या.

आज एका वेगळ्याच गोष्टीचा सल्ला हवाय. माझे एक पेशंट आहेत. वयस्कर, तब्येतीने काटक, हुशार, जिभेला धार. हाड मोडलं होतं, ते जुळलं. पण ते घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. आणि विचारलं तर सांगतात, रोज दहा चकरा मारतो. मला त्यांचा राग येत नाही. मला फक्त त्यांना कसं सांगायचं ते कळत नाहीये. माझं मराठी हे असं, त्यात ते कोणाचंच ऐकत नाहीत.

एका मोठ्या माणसाने मला एक वाक्य लिहिलं होतं, ज्याला अंथरुणात चहा मिळतो तो उठेल कशाला. हे त्यांना सांगू का? की राग येईल?

भिंगरी


३० जुलै

भिंगरी,

तुझ्या त्या पेशंटला राग आला होता. चार दिवस होता. मग गेला.

चिठ्ठी गेली हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी पाकीट एका बोटाने चिकटवतो, ते पोस्टात जाताना दोन बोटांनी चिकटवलेलं होतं. पण सूनबाईला मी काही बोललेलो नाही, तूही बोलू नकोस. तिला वाटू दे की मला कळलं नाही. तेवढी तिची मजा राहू दे.

दुखत नाही. तुम्ही सगळे विचारता, दुखतं का, दुखतं का. नाही दुखत. मी पडलो तेव्हा खाली फरशी होती, आणि मी पडायला लागल्यापासून आपटेपर्यंत मला सगळं दिसत होतं. ते अजून दिसतं. प्रत्येक पावलाला. मला पडायची भीती वाटते. हे मी मुलाला सांगितलेलं नाही. तीस वर्षं ज्याने लोकांना हिरवळीवरून हाकललं, त्याने हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तुला सांगतोय, कारण तू लांब आहेस आणि मला तुझं तोंड दिसत नाही.

काय करायचं ते लिही. सोपं लिही.

मामाआजोबा


८ ऑगस्ट

मामाआजोबा,

आज पाया पडणं नाही, कारण आज मागायचं नाहीये, द्यायचंय.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मग लॉनवर एक चक्कर मारून आले आणि लिहायला बसले. भीती वाटते हे आमच्याकडे जो पहिल्या दिवशी सांगतो तो लवकर बरा होतो. ड्रायव्हरकाकांनी हे कबूल करायला दोन महिने घेतले होते. तुम्हाला चार पत्रं लागली.

एक. चहा टेबलावर. अंथरुणात आला तर परत पाठवायचा.

दोन. ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं आणि टाचा उचलायच्या. दहा वेळा.

तीन. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, परत बसायचं. पाच वेळा. मामी शेजारी उभ्या राहतील, धरणार नाहीत.

हे सगळं दिवसाआड. म्हणजे एक दिवस गाळून, मला आता येतं. मधल्या दिवशी आराम, कारण स्नायू त्या दिवशी वाढतात, तुमच्या मुळांसारखे. दर पंधरवड्याला थोडं पुढे जायचं. खोलीचं दार, मग बैठकीची खोली, मग उंबरा.

तुम्ही माझं लॉन उभं केलंत ते एका पावलात नाही केलंत.

भिंगरी


२५ नोव्हेंबर

मामाआजोबा, सा. न. वि. वि.

मागायचंय. खूप मागायचंय.

लॉन मेलं. मी खरंच सांगतेय. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इतकं सुंदर होतं की मॅडम स्वतः चपला काढून चालल्या होत्या. पण गेले तीन आठवडे थंडी पडली आणि रोज थोडं थोडं पिवळं, मग तपकिरी, आणि आता केरसुणी. मी पाणी वाढवलं, काही नाही. मॅडम काल खिडकीतून बघून म्हणाल्या, "तू मनापासून केलंस, ते मी बघितलंय." हे ऐकून तर मला जास्तच वाईट वाटलं. मीटिंग मार्चमध्ये होती, ती आता वीस डिसेंबरला घेतलीय. प्लास्टिकचा रोल येऊन जिन्याखाली उभा आहे.

दुकानदार म्हणतो, भारी खत टाका, चार दिवसांत हिरवं होईल. टाकू का?

आणि तुमचा व्यायाम कसा चाललाय? ऑगस्टपासून तुम्ही फक्त "चालू आहे" असं दोन ओळींचं कार्ड टाकता. मला काळजी वाटते. दोन्हीची.

भिंगरी


१ डिसेंबर

चि. भिंगरीस.

खत टाकलंस तर याद राख. झोपलेल्या माणसाच्या तोंडात घास कोंबतात का?

मेलं नाही, झोपलंय. हरळी गरम देशची. थंडी पडली की वरचा कारभार बंद करून खाली जाऊन निजते. दरवर्षी. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं, पण तीस वर्षं दर थंडीत ती निजताना बघितली, त्यामुळे हे कोणाला माहीत नसेल असं डोक्यातच आलं नाही. पाणी कमी कर, पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

पुरावा हवा ना? एक काडी घे आणि नखाने खरवड. आत पांढरट हिरवं दिसेल. पण मीटिंगवाल्यांना नखं नसतात. म्हणून तो पत्र्याचा डबा काढ. बुडाला भोकं पाड. सुरीने लॉनचा डब्याएवढा तुकडा काप, मुळांसकट, आणि डब्यात बसव. खोलीत, बंद काचेमागे, जिथे दिवसभर ऊन येतं तिथे ठेव. थोडं पाणी. दोन-अडीच आठवडे आहेत हातात. गवताला वाटेल उन्हाळा आला. ते फसेल आणि उठेल. वीस तारखेला तो डबा टेबलावर ठेव. काही बोलू नकोस. तुला कठीण जाईल, पण बोलू नकोस.

माझं. तू दिवसाआड सांगितलं होतंस, मी दाराआड केलं. म्हणजे दार लावून, कोणी बघू नये म्हणून. सूनबाई बाहेरून विचारायची, मामंजी, खुर्ची का कुरकुरते? मी म्हणायचो, जुनी झालीय. परवा दार उघडं राहिलं आणि ती बघत उभी राहिली. मी बैठकीच्या खोलीपर्यंत जाऊन परत आलो. ती चहा टेबलावर ठेवून गेली.

काल उंबरा ओलांडला. गवत गुडघ्यापर्यंत आहे, हे खरं. तुला खोटं लिहिलं होतं. मुलाला म्हटलं, मशीन काढ. धार मी स्वतः लावली, खुर्चीत बसून.

मामाआजोबा


२२ डिसेंबर

मामाआजोबा, सा. न. वि. वि.

डबा उठला. तेराव्या दिवशी पहिलं हिरवं टोक दिसलं आणि मी ऑफिसात नाचले. वीस तारखेपर्यंत अर्धा डबा हिरवा झाला होता.

मी टेबलावर ठेवला आणि बोलले नाही. पूर्ण दोन मिनिटं. मॅडमनी विचारलं, हे कुठलं गवत? मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. त्या उठल्या, बाहेर गेल्या, कापलेल्या जागेचं भोक बघितलं आणि परत येऊन बसल्या.

मीटिंगला आलेले ट्रस्टी म्हणाले, पण तोवर पेशंट केरसुणीवर चालणार का? तेव्हा मागून आवाज आला. ड्रायव्हरकाका, काठीशिवाय, दाराला टेकून. त्यांना मीटिंगला कोणी बोलावलेलं नव्हतं. म्हणाले, "साहेब, मी सात वेळा पडलो. हिरव्यावर पडलो, तपकिरीवरही पडलो. फरक नाही. तुमच्या त्या रोलचं टोक उलगडून मी जिन्याखाली त्यावर उभा राहून बघितलं. घसरतं. तुम्ही आधी एकदा पडून बघा, मग ठरवू."

ट्रस्टी पडले नाहीत. ठरलं असं की जुना शब्द पाळायचा. दहा मार्चला लॉन हिरवं असेल तर राहील. नसेल तर रोल.

मॅडम म्हणाल्या, त्या दिवशी तुझ्या त्या वैद्यबुवांना बोलाव. मी हो म्हणून बसलेय. तुमच्या गावापासून गाडीने चार तास. तुम्हाला न विचारता हो म्हटलं, सवयच आहे माझी. याल?

भिंगरी


३ जानेवारी

येईन. चपला बाहेर काढीन.

मामाआजोबा


१४ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. गाडीत सूनबाई पूर्ण वाटभर झोपली आणि तरी उतरल्यावर म्हणाली, मी दमले.

तू तिथेच होतीस, तरी लिहितो, कारण तू जे बघितलंस ते बाहेरून.

हिरवळ चांगली आहे. टाळी वाजवण्यासारखी नाही, पण चांगली. पूर्वेच्या कोपऱ्यात झाडाची सावली पडते तिथे विरळ आहे, तिथली एक फांदी काढून घे. पहिलं खत आता दे, आता ती जागी आहे. मॅडम चांगल्या बाई आहेत. मी पाऊल टाकायच्या आधीच त्यांनी रोल परत न्यायला माणसं बोलावली होती, हे मला सुताराने भिंतीवरून सांगितलं. तेव्हा तुझ्या लॉनचा निकाल आधीच लागला होता. माझा लागायचा होता.

तू म्हणालीस, धरू का? मी नाही म्हटलं. पहिली दहा पावलं मी फक्त फरशी बघत होतो. गवतावर चालत होतो आणि डोळ्यांपुढे फरशी. मग तळव्याला दव लागलं. थंड. माझ्या क्लबातलं दव मला एकदम आठवलं, आणि मी फरशी विसरलो. वीस झाली, पंचवीस झाली. सूनबाई पदराचं टोक मुठीत धरून मोजत होती, मला ओठ दिसत होते. एकतिसाव्याला उजवा पाय अडकला आणि मी गेलो.

पडताना मला सगळं दिसलं, मागच्या वेळेसारखं. मग आपटायची वेळ आली आणि आपटलोच नाही. मऊ होतं. मुलगा धावला, सूनबाई ओरडली, आणि तुझा आवाज आला, "कोणी उचलू नका." एवढ्या मोठ्यांदा की मलासुद्धा ऐकू आलं.

तुम्हाला सगळ्यांना वाटलं, मी घाबरून पडून राहिलोय. नाही. नाक गवतातच होतं, म्हटलं आलोच आहे तर बघून घेऊ. बोट घालून मुळं बघितली. म्हणून उठायच्या आधी म्हणालो, "पाणी अजून जास्त देतेस." तू हसत होतीस आणि रडत होतीस. दोन्हीपैकी एक काहीतरी करावं माणसाने.

ड्रायव्हरने मला उठायची युक्ती दाखवली, आधी कुशीवर, मग गुडघा. मला म्हणाला, "पहिली वेळ आहे का? बरं पडलात." त्याला सांग, पुढच्या वेळी पैज लावू.

पाच वर्षांची होतीस तेव्हा मी तुला उचलून हिरवळीबाहेर ठेवलं होतं. तू मला उचललं नाहीस, आतच राहू दिलंस. तू माझ्यापेक्षा बरी माळीण आहेस.

आता माझ्या अंगणातलं गवत दोन बोटं आहे. आडवी. काल चार चकरा मारल्या, आज आराम, उद्या पाच. या वेळी खरं लिहितोय, हवं तर मामीला विचार. पाकीट मी तिलाच चिकटवायला देतोय, दोन बोटांनी.

या पत्राला लगेच उत्तर पाठवू नकोस. मुळाला जरा तहान लागू दे.

मामाआजोबा